हवेवरचं वाफेचं इंजिन

गॅलरीत, जिन्याखाली किंवा गाडीच्या जागेवर लेथ बसवून घरच्यांचा रोष पत्करलेल्या मित्रमैत्रिणींनो, लहान इंजिनं बांधणाऱ्या आपल्या संस्थेत अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो असा: गनमेटल महाग झालं, नव्या मिनी लेथपेक्षा जुना बिडाचा लेथ बरा की वाईट हा वाद यंदाही मिटला नाही, आणि आपल्यातल्या तरुणांनी संगणकावर आखून काढलेले भाग बघून ज्येष्ठांनी नेहमीप्रमाणे नाकं मुरडली. आढावा संपला. उरलेला वेळ मला एकाच गोष्टीसाठी हवा आहे आणि ती ऐकून काही मंडळी नाराज होणार आहेत, याची कल्पना आहे.

शेजारच्या दालनात टेबलांवर मांडलेली इंजिनं आपण सगळ्यांनी बघितली. फ्लायव्हीलच्या कडा आरशासारख्या आहेत, बोल्टांची डोकी एका रेषेत आहेत, रंगाला बोट लावायची भीती वाटते. प्रत्येक इंजिनामागून एक पारदर्शक नळी निघते आणि टेबलाच्या झालरीखाली जाते. तिथे कॉम्प्रेसर आहे. वाफेचं इंजिन म्हणून मांडलेलं, वाफेचं इंजिन म्हणून बक्षीस मिळवणारं हे यंत्र बनल्या दिवसापासून हवेवर फिरतं आहे, आणि बहुधा शेवटपर्यंत हवेवरच फिरणार आहे. माझं म्हणणं साधं आहे. ज्या इंजिनाने वाफ पाहिली नाही ते अजून पुरं झालेलं नाही, आणि आपण वर्षानुवर्षं अपुऱ्या कामाला बक्षिसं देत आलो आहोत. हे म्हणणं हट्टाचं वाटेल. पण वाफ आणि दाबाखालची हवा या दोन गोष्टींत एक मूलभूत फरक आहे आणि आपल्या छंदातली सगळी अक्कल त्या फरकातच साठलेली आहे. वाफेचं पाणी होतं. आपल्या कामाच्या तापमानाला हवेचं काहीच होत नाही.

आपल्या छंदाचा मूळपुरुष शोधायचा तर तो ग्लासगोत सापडतो. 1763-64 च्या हिवाळ्यात तिथल्या विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं एक लहानसं मॉडेल जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आलं. सिलिंडर पितळी, व्यास 2 इंच, स्ट्रोक 6 इंच. म्हणजे आपल्यापैकी कोणाच्याही लेथवर बसेल असा जॉब. वॉटने ते नीट जुळवलं आणि तरीही ते चार-दोन फटके मारून थांबू लागलं. बॉयलर मॉडेलच्या मानाने लहान दिसत नव्हता, पण वाफ पुरत नव्हती. कारण असं की यंत्र दसपट लहान केलं की पृष्ठभाग शंभरपट घटतो, घनफळ हजारपट घटतं. आत आलेल्या वाफेच्या मानाने तिला थंड करणाऱ्या भिंती दसपट वाढतात. मोठ्या इंजिनात जी उधळपट्टी सहन होत होती ती या लहानग्यात उघडी पडली. त्या उधळपट्टीचा हिशेब मांडता मांडता 1765 मध्ये वॉटला वेगळ्या कंडेन्सरची, म्हणजे वाफेचं पाणी सिलिंडरबाहेर करण्याची, कल्पना सुचली. वाफेच्या इतिहासातली ही मोठी सुधारणा एका मॉडेलच्या अपयशातून निघाली, आणि ते अपयश दिसलं कारण मॉडेलला वाफ दिली होती. न्यूकोमेनचं इंजिन तर हवेवर चालूच शकत नाही. वाफेचं पाणी होऊन पोकळी झाली नाही, तर बाहेरची हवा दट्ट्याला खाली ढकलणार कशी? वॉटला कॉम्प्रेसरची सोय नव्हती, हे आपलं नशीब.

आता आपल्या टेबलावर येऊ. समजा सिलिंडर बिडाचा आहे, बोअर 20 मिलिमीटर, आणि पिस्टन हलका हवा म्हणून ॲल्युमिनियमचा केला आहे. खोलीच्या तापमानाला दोघांत दोन शतांश मिलिमीटरची मोकळीक ठेवली. हवेवर इंजिन लोण्यासारखं फिरतं. चार-पाच बारची वाफ दीडशे अंशांच्या वर असते. सव्वाशे-एकशेतीस अंशांनी तापल्यावर हा पिस्टन व्यासात सुमारे सहा शतांश वाढतो, सिलिंडर जेमतेम पावणेतीन शतांश. म्हणजे तीन शतांशांहून जास्तीचा फरक पडला आणि ठेवलेली मोकळीक होती दोन. इंजिन जाम. हवेवर ही चूक जन्मात कळणार नाही, उलट पसरणारी हवा सिलिंडरला थंडच करते. दुसरं, ल्युब्रिकेटर. आपण हौसेने बसवतो ती पितळी कुपी चालते कशी? तिच्यात शिरलेल्या वाफेचं पाणी होतं, ते जड म्हणून तळाशी बसतं आणि तेवढं तेल वर उचलून वाफेच्या वाटेवर ढकलतं. हवेवर ती कुपी म्हणजे नुसती तेलाची डबी. तिसरं, ड्रेन कॉक. थंड सिलिंडरात पहिली वाफ शिरली की पाणी साचतं, पाणी दबत नाही, आणि कॉक बंद असतील तर झाकण तरी फुटतं नाहीतर कनेक्टिंग रॉड तरी वाकतो. टेबलावरच्या कित्येक इंजिनांना ड्रेन कॉक आहेत, सुबक आहेत, आणि भोकच पाडलेलं नाही. त्यांना कशाला हवं भोक?

सर्वांत मोठी लपवाछपवी तर खपाची. वरच्याच सिलिंडरला 20 मिलिमीटरचा स्ट्रोक द्या, दोन्ही बाजूंनी वाफ द्या, मिनिटाला 500 फेरे फिरवा. दोन बारच्या वाफेने तो पूर्ण भरत गेला तर कागदावरच्या हिशेबाने मिनिटाला साधारण 10 ग्रॅम पाण्याची वाफ लागेल. प्रत्यक्षात बॉयलर लावून मोजलं की आकडा याच्या बराच वर जातो. मधली वाफ जाते कुठे? ती सिलिंडरच्या भिंतीवर पाणी होऊन बसते. ही हरवलेली वाफ कमी कशी करायची, सिलिंडरला लाकडी पट्ट्यांचं किंवा दुसरं वेष्टण द्यायचं का, वाफ कोरडी करून पाठवायची का, कट-ऑफ, म्हणजे वाफ आत सोडणं थांबवण्याचा क्षण, किती लवकर ठेवायचा, हे प्रश्न वॉटपासून पुढे शे-दीडशे वर्षं शहाण्या माणसांना पुरले. कॉम्प्रेसर लावला की ते एका झटक्यात नाहीसे होतात. प्रश्न नाहीसे करून मग आपण काय शिकतो, तर पॉलिश.

इंजिन काम करून सिद्ध व्हावं, ही काही माझी नवी टूम नव्हे. ऑक्टोबर 1829 मध्ये रेनहिलला लोकोमोटिव्हची जी स्पर्धा झाली तिच्यात 500 पौंडांचं बक्षीस वजन ओढत ठरावीक अंतर जाणाऱ्याला होतं. जमलेल्या गर्दीची आवडती होती 'नॉव्हेल्टी'. हलकी, देखणी, वेगवान. ती मोडून बसली आणि 'रॉकेट'ने नेमून दिलेलं सगळं अंतर कापलं. त्या दिवशी हवेवर नि रंगावर निकाल लागला असता तर रेल्वेचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. आपल्या लहान मापाच्या जगातही हेच भांडण झालेलं आहे. लंडनमध्ये 1898 साली 'मॉडेल इंजिनिअर' मासिक निघालं. 1920 च्या दशकात त्याच्या पानांवर बॉयलरची लढाई जुंपली. लहान गेजच्या लोकोमोटिव्हला स्पिरिटचा दिवाच झेपतो, खरा कोळसा तिच्यात नीट जळणार नाही, असं प्रतिष्ठित मंडळींचं मत होतं. 'एल.बी.एस.सी.' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी अडीच इंच गेजची 'आयेशा' कोळशावर पेटवून तिच्यामागे जिवंत माणसं ओढून दाखवली आणि चर्चा तिथे थांबली. पुढे चाळीसेक वर्षं त्यांनी हौशी लोकांना चालणारी इंजिनं बांधायला शिकवलं. 1969 पासून तिकडे लहान लोकोमोटिव्हची कार्यक्षमतेची स्पर्धा भरते. जळलेला कोळसा तोलतात, ओढलेलं काम मोजतात. आकडे शेकड्याला एक-दोन, फारतर थोडे वर, असे केविलवाणे येतात. पण ते खरे असतात आणि पुढच्या वर्षी सुधारता येतात.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार: वाफ धोक्याची आहे. आहे, भाजते, आणि वाईट भाजते. पण स्फोटाची भीती असेल तर झालरीखाली वाकून बघा. पन्नास लिटरची टाकी, आठ बार, वेल्ड आतून गंजलेला की चांगला हे कोणी बघितलेलं नाही. लिटरला लिटर तोललं तर तापलेल्या पाण्यात जास्त ऊर्जा असते, हे मान्य. पण अर्ध्या लिटरचा तांब्याचा बॉयलर आणि ती टाकी यांत टाकीचंच पारडं जड ठरतं. बॉयलर तपासायची रीत तर जुनी नि स्वस्त आहे: तो काठोकाठ गार पाण्याने भरा, हवा पूर्ण काढा, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब द्या. डाग कुठे कच्चा असेल तर पाण्याचा थेंब फुटेल, बॉयलर फुटणार नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा. आपल्या देशात 25 लिटरखालचं भांडं बॉयलरच्या व्याख्येतच बसत नाही. याचा अर्थ कोणी मोकळीक असा घेतात. निरीक्षक येणार नाही, म्हणून निरीक्षण आपल्यालाच करावं लागणार, असा मी तो घेतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. आमचा आनंद धातू कापण्यात आहे, असं काही जण म्हणतात. चिप्स निळसर निघाव्यात, रनआउटने डायलची सुई हलू नये, एवढ्यात आमची संध्याकाळ सार्थकी लागते, आम्हाला कोळशाचा धूर कशाला? या आनंदाला माझा नमस्कार. पण मग त्याला इंजिन म्हणू नका. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत भोपळा कितीही सुरेख रंगवला, नक्षी कितीही नाजूक काढली, तरी घोडी घासून जवारी लागल्याशिवाय तंबोरा दुकानाबाहेर जात नाही. जवारी काढायला तार छेडावीच लागते. हवेवरची चाचणी निरुपयोगी आहे असंही मी म्हणत नाही. अगदी थोड्या दाबावर इंजिन फिरलं तर घर्षण कमी आहे आणि व्हॉल्व्हची वेळ जुळली आहे, एवढं कळतं. ती तालीम आहे. तालमीचं तिकीट कोणी लावत नाही.

आणि ही परंपरा परक्यांची आहे असंही समजू नये. मुंबई गोदीतल्या वाडिया घराण्यातले अर्देशीर करसेटजी यांनी 1830 च्या दशकात घरीच लहानशी फाउंड्री थाटली, माझगावचा बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला, पाणी उपसायला वाफेचा पंप केला आणि 'इंडस' नावाच्या 60 टनी जहाजावर वाफेचं इंजिन चढवलं. 1841 मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. त्यांच्या घरच्या यंत्रशाळेतून पाणी वर आलं, दिवे लागले. पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी, त्यांच्या स्वप्नातही नसतील अशी मोजमापाची साधनं हातात असताना, आपल्या यंत्रशाळांतून काय बाहेर येतं, हा प्रश्न मला रात्री त्रास देतो.

करायचं काय, हे विचाराल. संस्थेच्या मालकीचा एक तपासलेला बॉयलर असावा, म्हणजे तांबं परवडत नाही ही सबब उरणार नाही. त्याचा आराखडा कोणीतरी करावा. कोणी, ते पुढच्या बैठकीत बघू. फ्लायव्हीलवर दोरी आणि स्प्रिंगचा काटा लावून प्रत्येक इंजिनाची शक्ती वॅटमध्ये मोजावी. टेबलावर निर्मात्याच्या नावाखाली तो आकडा लिहावा, कितीही लहान असला तरी. चांदीचा डाग आणि बॉयलरची तपासणी यांवर मराठीत एक पुस्तिका हवी, ती मी लिहायचं कबूल करतो, तारीख मात्र विचारू नका.

एक गोष्ट तेवढी नक्की झाली आहे. पुढच्या वर्षी कॉम्प्रेसर दालनाच्या दाराबाहेर, चपलांच्या रांगेशेजारी असेल. कार्यकारिणीला हे आत्ता माझ्या तोंडूनच कळतं आहे, त्याबद्दल क्षमस्व. ज्यांच्या ड्रेन कॉकला भोक पाडायचं राहिलं आहे, त्यांना बारा महिने आहेत.