जुन्या खेळण्यांची खरेदी : मोघम वर्णनापासून सावध



खेळणे हे केवळ मुलांसाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि, बालपणी हाताळलेली एखादी छोटी मोटार प्रौढपणी आपल्या कपाटात असावी, अशी इच्छा अनेकांना होते. त्यातूनच जुन्या खेळण्यांच्या संग्रहाचा छंद वाढीस लागला आहे. पूर्वी अशी वस्तू मुंबईच्या चोरबाजारात हाती घेऊन, उलटसुलट करून पाहता येत असे. आज ती मोबाइलवर दिसते व घरबसल्या मागविता येते. सोय वाढली, परंतु पारखण्याची संधी गेली. विक्रेत्याचे शब्द आणि दोन-चार छायाचित्रे एवढाच आधार ग्राहकाजवळ उरला.

हे शब्द किती फसवे ठरू शकतात, हे डिंकी मोटारींच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने १९३४ पासून ‘डिंकी टॉईज’ या नावाने धातूच्या छोट्या मोटारी विकल्या. तेथील कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. तत्पूर्वीच काही साचे भारतात आले होते व त्यांतून कलकत्त्यात ‘निकी टॉईज’ या नावाची खेळणी तयार झाली. आकार एकच, परंतु निर्माता व देश निराळे. अशा स्थितीत ‘जुनी डिंकी, दुर्मीळ, आहे त्या स्थितीत’ एवढ्या वर्णनावरून काहीच निश्चित होत नाही. तळावरील अक्षरे वाचल्यावाचून निर्णय करू नये.

तळावरील वर्षही जपून वाचावे लागते. हॉट व्हील्स मोटारींवर दिसणारे वर्ष हे सामान्यतः नमुन्याच्या स्वामित्वहक्काचे असते. प्रत्यक्ष मोटार त्यानंतर अनेक वर्षांनी तयार झालेली असू शकते. पुन्हा रंग देणे, नवे टायर बसविणे, जुन्यासारखा खोका छापून घेणे हे प्रकारही चालतात. यात गैर काही नाही. मात्र ते सांगितलेच पाहिजे. जुन्या जस्तमिश्रित धातूत शिशासारखी अशुद्ध द्रव्ये राहिली असल्यास कालांतराने तडे जाऊन खेळणे ढासळते. अस्पष्ट छायाचित्रात असे तडे दिसत नाहीत.

समजा, एका निवृत्त शिक्षकाने निवृत्तिवेतनातून पैसे साठवून अशी मोटार मागविली आणि हाती आली ती नवा रंग दिलेली, तडकलेली. येथे हानी केवळ पैशांची नाही. ती मोटार नातवाच्या हाती गेली, तर जुन्या रंगातील संभाव्य शिशाचा धोकाही आहे. संग्रहाची वस्तू खेळावयास देऊ नये.

कायद्याचे संरक्षण आहे, परंतु त्यास मर्यादा आहेत. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याचे नाव व पत्ता, तसेच परतीच्या अटी ग्राहकास कळल्या पाहिजेत. जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. परंतु व्यवसाय म्हणून नव्हे, तर आपल्या घरातील एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीस हे नियम लागू होत नाहीत. जुन्या खेळण्यांचे पुष्कळ व्यवहार नेमके अशाच व्यक्तींशी होतात. तेथे खरेदीपूर्वीची चौकशी हेच खरे संरक्षण होय.

म्हणून पैसे पाठविण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. तळाचे व चारही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र मागावे. निर्माता, देश, मोजमाप व केलेली दुरुस्ती लेखी विचारावी. परतीची अट लेखी घ्यावी. वर्णनाची व संभाषणाची प्रत जपून ठेवावी. उत्तर देण्यास टाळाटाळ झाल्यास व्यवहार सोडून द्यावा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तर पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास त्वरित १९३० हा आहे. शिक्षकांनी शाळेत व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हे दोन क्रमांक सांगितले, तरी मोठे काम होईल. खेळणे लहान असले, तरी त्यापायी जाणारी कष्टाची कमाई लहान नसते.