विल्सन कॉलेज आणि धर्मांतराची किंमत

(कांजूरमार्ग येथील बौद्ध उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले भाषण)



येथून लोकलने दादर, तेथे गाडी बदलून चर्नी रोड, आणि पुढे चौपाटीसमोर विल्सन कॉलेज. ती दगडी इमारत १८८९ सालची आहे. संस्था तिच्याहून ५७ वर्षांनी जुनी आहे.

स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. बाणकोट व हर्णै येथे राहून ते मराठी शिकले आणि १८३२ साली गिरगावातील आंब्रोली येथे त्यांनी इंग्रजी शाळा काढली. लोकांस ख्रिस्ती करावे हा आपला हेतू त्यांनी कधी लपविला नाही. आईबापांस तो ठाऊक होता. पण इंग्रजी विद्या हवी होती, म्हणून त्यांनी मुले पाठविली.

१८३९ साली धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. शहर खवळले, वर्ग ओस पडले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने धनजीभाईस स्वेच्छेने जाण्याची मोकळीक दिली व ते विल्सनकडेच राहिले. पुढे १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे गेला होता; तो अज्ञान म्हणून कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले.

मुलगा घरी आला, पण जातीत येईना! त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. मिशनऱ्यांच्या घरचे अन्न घेतले होते, एवढाच काय तो अपराध. प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तर त्यांच्याविरुद्धच ओरड झाली. थोरला नारायण मात्र पुढे जालन्याकडे मांग बांधवांत राहिला व तेथे त्याने बेथेल नावाचे गाव वसविले. जातीने ज्यास बाहेर काढले, त्यास गावकुसाबाहेरची माणसे प्रथम दिसली.

विल्सन १८६८ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १८७५ साली वारले. जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ १८७७ साली निघाला. आणि गंमत पाहा, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे याच कॉलेजचे विद्यार्थी! तेव्हा मिशनरी हेतू किती सफल झाला, ते आपणच ठरवा.

धनजीभाईस कोर्टाने निवडीचा हक्क दिला. तिची किंमत समाजाने वसूल केली. आपल्या वाडवडिलांनी १९५६ साली बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा ती किंमत सरकारनेही मागितली. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांस मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. ख्रिस्ती झालेल्या आपल्याच भाऊबंदांस त्या आजही नाहीत. त्यांच्या मागणीचा अर्ज आपल्या दारी आला, तर आपला वाटा कमी होईल या भीतीने सही नाकारू नका, एवढे मागण्यासाठी मी आज येथे उभा आहे.