लहान इमारतीतले भांडवल



खोल्या बांधून भाड्याने देणे हा मुंबईत एके काळी सरळ धंदा होता. गिरण्या वाढल्या तशा खाजगी मालकांनी चाळी उठवल्या. एक खोली, सामाईक गॅलरी, टोकाला संडास. भाड्यातून व्याज सुटे नि मुद्दलही फिटे. १९४७ च्या कायद्याने जुन्या खोल्यांचे भाडे १९४० च्या सप्टेंबरातल्या दराशी बांधले. भाडेकरू वाचला, हे आम्ही कामगार विसरणार नाही. पण मालकाने डागडुजी सोडली आणि पागडी धरली. पुढे १९९९ च्या कायद्याने तीही रीतसर झाली!

आज लहान बिल्डर विकण्यासाठीच बांधतो. पदरचे भांडवल थोडे. जमीनमालकाला दोन घरे कबूल करायची आणि बाकीच्यांच्या आगाऊ रकमांवर भिंती चढवायच्या. म्हणजे सावकार आम्हीच, फक्त बिनव्याजी. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. मात्र भूखंड ५०० चौरस मीटरांपर्यंत असेल किंवा घरे आठांहून अधिक नसतील, तर नोंदणीची सक्तीच नाही. आणि आमचा माणूस जातो तो नेमका तिथेच, कारण घर स्वस्त पडते.

आमच्या एका सभासदाने सारी ग्रॅच्युइटी अशा इमारतीत भरली. काम दुसऱ्या मजल्यावर थांबले. करार मागितला, तर त्याने आमच्यापुढे पावत्या ठेवल्या. आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवावा, असे १९६३ चा कायदा सांगतो. त्याला ते कुणी सांगितले नव्हते; आम्हीसुद्धा नाही.