जू एक, चाल एक

(नवी पेठ, सोलापूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



विजेचा विषय निघाला की बिल, थकबाकी आणि भारनियमन या तीन गोष्टींपलीकडे आपले बोलणे जात नाही. आज त्या बाजूला ठेवू. आज प्रश्न वेगळा आहे. तारेतून येणारी वीज आणि तिच्यावर चालणारी यंत्रे यांचे एकमेकांशी जमते का? आणि जमत नसेल तर नुकसान कोण सोसतो?

पहिले उदाहरण सोलापूरचेच घेऊ. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली. तोपर्यंत दक्षिणेतील राज्यांचे विजेचे जाळे उरलेल्या देशाबरोबर एका तालावर चालत नव्हते. दोन्हीकडे वीज ५० हर्ट्झचीच, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने. पण एक बैल पाऊल उचलतो तेव्हा दुसरा टेकवतो, अशी गत होती. अशी जोडी तशीच जुंपली तर जू मोडते. म्हणून आधी ताल जुळवला आणि मग तार जोडली. त्या दिवसापासून देशाचे जाळे एका तालावर चालते आहे. जुळणी बिघडली की काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताने पाहिले होते. वाहिन्यांवर भार वाढला, एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांच्या मुलखात अंधार झाला.

देशाच्या जाळ्याला जो नियम, तोच आपल्या डीपीला. रात्री लाइट येते, अंधारात विंचूकाट्याची भीती, म्हणून आपण स्टार्टरला ‘ऑटो’ लावतो. एकट्याने लावला तर बिघडत नाही. सगळ्यांनी लावला तर हिशेब करा. ६३ केव्हीएच्या डीपीची ताकद सुमारे ८५ अँपिअर. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. दहा मोटारींचे झाले ७५. डीपी तेवढे सोसतो. पण सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. लाइट येताच दहाही मोटारी एकदम उठल्या तर मागणी ४०० च्या घरात जाते. मग फ्यूज उडतो, केबल तापते, डीपी जळतो, आणि ऐन पाण्याच्या वेळी सगळी शेते कोरडी राहतात.

याचा उपाय कोणत्या कंपनीकडे नाही, डीपीवरच्या दहा जणांकडे आहे. दिवसा लाइट मिळत असेल तर ऑटो काढून टाका. रात्रीचीच लाइट असेल तर स्टार्टरला टायमर लावा : एकाची मोटार दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार मिनिटांनी, तिसऱ्याची सहा मिनिटांनी. प्रत्येक मोटारीला कॅपॅसिटर बसवा, म्हणजे तेवढ्याच कामाला तारेतून कमी करंट लागतो. शहरात ज्याला ‘स्मार्ट ग्रिड’ म्हणतात, त्याचे मूळ यात आहे. यंत्रांनी एकमेकांची पाळी ओळखायची.

आता सौरपंपाकडे येऊ. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. दुरुस्तीची हमी ५ वर्षे. आमचा प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. कंट्रोलर तेवढा टिकत नाही. तो गेला, आणि दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर आपल्या पॅनेलला नि मोटारीला जुळला नाही, तर करायचे काय? बैलगाडीचे चाक मोडले तर कोणत्याही गावचा सुतार ते बसवतो. गाडी ज्याने केली त्याच्याच दारात जा, असे कोणी सांगत नाही. सौरपंपाला वेगळा न्याय कशासाठी?

कोरडवाहू शेतकऱ्याला हे जास्त बोचते. रब्बी ज्वारी पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी पोटरीत येते. विहिरीत असेल नसेल ते पाणी त्या वेळी मिळाले तर कणीस भरते. त्या आठवड्यात कंट्रोलर बंद पडला आणि तंत्रज्ञ पंधरा दिवसांनी आला, तर त्या दुरुस्तीचा ज्वारीला काय उपयोग?

दुसरी बाजूही पाहा. हंगामात दोन-तीन पाणी दिले की आपला पंप थांबतो, आणि वर्षभर पॅनेल नुसते ऊन खात बसते. त्याच विजेवर कडबाकुट्टी चालेल, पिठाची चक्की चालेल. त्यासाठी सर्वोपयोगी कंट्रोलर लागतो. कुसुमच्या नियमांत त्याला मुभा आहे, पण अनुदान धरले जाते साध्या कंट्रोलरच्या किमतीवर. वरचा खर्च शेतकऱ्याच्या माथी.

राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प, आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज. चांगली गोष्ट आहे. पण एक समजून घ्या. लाइन बंद पडली की असा प्रकल्पही आपोआप थांबतो. तो थांबलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. म्हणजे सूर्य कितीही तळपला तरी तारा लोंबत असतील तर पंप बंदच. सौर आले म्हणून तारांची देखभाल सुटत नाही.

एक भाषा ठरवणे अशक्य आहे, असे कोणी सांगितले तर त्याला मीटर दाखवा. स्मार्ट मीटरसाठी २०१५ मध्ये भारतीय मानक १६४४४ आले. मीटरने माहिती कोणत्या भाषेत द्यायची, ते मानक १५९५९ मध्ये ठरले आहे. वसुलीच्या यंत्राला एक भाषा ठरवता येते, तर पाण्याच्या यंत्राला का नाही?

म्हणून आपल्या मागण्या चार :

१. सौरपंपाच्या निविदेतच लिहा, की कंट्रोलर कोणत्याही मानक पॅनेलला व मोटारीला जुळला पाहिजे. हमी संपताना वायरिंगचा नकाशा आणि सेटिंगचा पासवर्ड शेतकऱ्याच्या हाती द्या.

२. सर्वोपयोगी कंट्रोलरच्या पूर्ण किमतीवर अनुदान धरा.

३. पंपाची जी माहिती दूरवरून कंपनीला दिसते, ती शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत दिसली पाहिजे. डीपीवरच्या मीटरचे वाचन ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे.

४. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळाले पाहिजेत.

पुढच्या बैठकीला रिकाम्या हाताने येऊ नका. ज्यांच्याकडे सौरपंप आहे त्यांनी कंट्रोलरवरच्या पट्टीचा फोटो, तक्रार केल्याची तारीख आणि दुरुस्ती झाल्याची तारीख लिहून आणावी. ज्यांचा पंप डीपीवर आहे त्यांनी त्या डीपीवर किती मोटारी, किती ऑटो, किती कॅपॅसिटर, ते मोजून आणावे. भाषणाने अधिकारी हलत नाही; गावोगावचे कागद एकत्र करून समोर ठेवले की त्याला उत्तर द्यावे लागते.