चार लाकडांचं एक पेन



मी केशोरीहून आलो आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं गाव गडचिरोलीच्या सीमेलगत आहे, नवेगावबांधचं जंगल आणि इटियाडोह धरण जवळच. गेली काही वर्षं गावातली कवेलूची घरं पडताहेत, त्यांच्या जागी स्लॅब येतोय. घर उतरवलं की मयाल, चौकटी, दारं अंगणात येऊन पडतात. मोठं लाकूड विकलं जातं, उरलेले तुकडे चुलीत जातात. त्या तुकड्यांतला हातभर लांबीचा एखादा मी मागून घेतो आणि त्या घरातल्या माणसाला त्याचंच पेन करून देतो. कुणी निवृत्त होत असतं, कुणाची मुलगी सासरी निघालेली असते.

एकाच लाकडाचं पेन खरादावर तासभरात होतं. मला आवडतं ते जोडाचं पेन, चार-पाच जातींचे तुकडे एकमेकांना चिकटवून केलेलं. आमच्या जंगलानं रंगांची कमतरता ठेवलेली नाही. हळदू पिवळा, शिवण फिकट दुधी, बिजा तांबूस, साग सोनेरी तपकिरी. आणि तेंदू. तेंदू म्हटलं की विडीचं पान आणि उन्हाळ्यातली तोडाई आठवते, पण जुन्या झाडाच्या गाभ्यात काळंकुळीत लाकूड असतं. आबनूस त्याच कुळातलं. मी झाड तोडत नाही, तोडवतही नाही. पडक्या घरात आणि सुताराच्या कचऱ्यात मिळेल तेवढंच वापरतो.

खरी कसोटी जोडाची. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. ते रुंदीला फुगतं, आकसतं. लांबीला मात्र जवळपास हलत नाही. आमच्याकडे श्रावणात भिंतींनाही ओल येते आणि मे महिन्यात तोंडातली लाळ वाळते. हा फरक जोडाला सोसावा लागतो. म्हणून सगळ्या तुकड्यांचे रेषे पेनाच्या लांबीतच ठेवायचे. एक उभा आणि एक आडवा लावला की दोघं वेगवेगळे हलणार आणि मधली रेघ उघडणार. सरळ कापलेल्या टोकाला टोक चिकटवलं तर गोंद रेष्यांच्या नळ्यांत शोषला जातो, जोड कच्चा राहतो. मी तिरकस काप घेतो. चिकटायला जागा जास्त मिळते आणि खरादावर फिरवल्यावर त्या तिरक्या रेघेची सुंदर लाट होते.

लाकूड पूर्ण वाळल्यावरच चिकटवायचं, हे मी चूक करून शिकलो. पुतणीच्या लग्नाला पहिलं जोडाचं पेन केलं, ते भर श्रावणात चिकटवून. तिच्या माहेरच्या घराची मयाल दोन महिने पावसात उघडी पडलेली होती, त्यातलाच तुकडा घेतला. पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड, त्याला काय होतंय, असं वाटलं. पुढच्या मे महिन्यात बिजा आणि तेंदूच्या मधे केसाएवढी फट पडली. तिनं पेन परत आणून दिलं तेव्हा एक शब्द बोलली नाही. ते मला फार लागलं. आता तुकडे कापून माळ्यावर ठेवतो आणि पाऊस पूर्ण सरल्याशिवाय गोंदाची बाटली उघडत नाही.

चिकटवल्यावर पूर्ण एक दिवस शिकंज्यात ठेवायचं. शिकंजा फार आवळला तर गोंदच बाहेर येतो. मग सात मिलिमीटरचं भोक, त्यात पितळी नळी. भोक पाडताना घाई केली की ड्रिल तापतं, गोंद मऊ होतो आणि तुकडे सरकतात. दर थोड्या वेळानं ड्रिल बाहेर काढून भुसा झटकावा लागतो. खरादावर घासत घासत टोकाशी नळीवर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर लाकूड उरतं. तिथं पटाशीला धार नसेल तर तुकडा उडतोच.

पॉलिशपेपर मारताना तेंदूची काळी पूड शिवणीच्या छिद्रांत बसते आणि दुधी रंग मळतो. बिज्याचा रंग तर पाण्यात सुटतो. त्याच्या लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवून पिणारी माणसं आमच्याकडे आहेत, त्यांना हे माहीत आहे. स्पिरिटमध्येही तो सुटतो. म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचं नाही. खराद थांबवून कागद लांबीत फिरवायचा, पूड फुंकून काढायची, मग लाखेचा अगदी पातळ पहिला हात द्यायचा. दीडशे नंबरपासून सहाशेपर्यंत कागद बदलत जातो.

लाख मी मुद्दाम वापरतो. आमच्या गोंदियात एके काळी लाखेचा मोठा व्यापार होता. पळस आणि बोरीवर रंगीनी लाख येते, कुसुमावर कुसुमी. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या बोळ्यानं आठ-दहा पातळ हात देतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थर काचेसारखा कडक होतो, पुष्कळ जण तोच देतात. लाख नाजूक आहे, सॅनिटायझर लागलं तरी डागते. पण तिच्यावर नवा हात दिला की तो जुन्यात विरघळून एक होतो. दहा वर्षांनी पेन परत आलं तरी ते नवं करून देता येतं. भेट म्हणून द्यायच्या वस्तूला मला हाच गुण मोठा वाटतो.

पुतणीचं पेन मी तिच्यासाठी पुन्हा केलं. उरलेल्या मयालीचा तुकडा दोन उन्हाळे वाळवला होता. त्या पेनाला आता तीन पावसाळे झाले. परवा ती गावी आली होती. तिच्या मुलानं त्या पेनानं माझ्या वहीत आपलं नाव लिहिलं. मी पेन उजेडात धरून पाहिलं. काळ्या-तांबड्याच्या मधली रेघ बंद होती.

माझ्या बाकावर सध्या एका अंगणवाडीताईंच्या जुन्या चौकटीचा सागाचा तुकडा ठेवलेला आहे. त्यावर मी खडूनं लिहून ठेवलंय: दिवाळीनंतर.