बारा आकडे आणि एक रस्ता



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस, किमान वेतन किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत आणि पुढेही बोलावयाचे आहेच. परंतु आज आम्ही विषय मागून घेतला तो निराळा आहे. लांबलचक आकडे मनात चित्रे रंगवून लक्षात कसे ठेवावेत, हा तो विषय. आमची शाळा सातवीत सुटली. जे वाचले ते पाळी संपल्यावर ग्रंथालयाच्या बाकावर बसून वाचले. तेव्हा मानसशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. अनुभव मात्र पदरचा आहे, आणि त्याची सुरुवात एका पुरापासून झाली.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी चढले, तेव्हा युनियनची कचेरी सखल भागात होती. कपाटात एक लांब वही होती. तीत शंभरावर कंत्राटी कामगारांचे भविष्य निर्वाह निधीचे क्रमांक लिहिलेले होते. हा क्रमांक बारा अंकी असतो. २०१४ पासून अशी व्यवस्था आहे की मालक बदलो, कंत्राटदार बदलो, कामगाराचा क्रमांक तोच राहावयाचा. कागदावर व्यवस्था उत्तम आहे. प्रत्यक्षात आम्ही पाहिले ते असे, की क्रमांक कामगाराला ठाऊक नसतो, तो कंत्राटदाराच्या संगणकात असतो. कंत्राट संपते, जुना कंत्राटदार फोन उचलीत नाही, नवा म्हणतो, "मागचं मला काही ठाऊक नाही," आणि दुसराच क्रमांक काढून मोकळा होतो. मागचे पैसे मागच्या क्रमांकावर पडून राहतात. ते सोडवून आणता आणता कामगाराचे किती खाडे पडतात, ते त्यालाच ठाऊक. म्हणून ती वही ठेवली होती. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तो वहीचा लगदा झालेला! तिची दुसरी प्रत आम्ही केली नव्हती. हा दोष सर्वस्वी आमचा.

पुढच्या आठवड्यात माणसे एकेक करून येऊ लागली. कोणाचा मोबाइल पाण्यात गेलेला, कोणाच्या पगारपावत्या. बहुतेकांना पहिले दोन-तीन आकडे येत, पुढे अंधार. एक सफाई कामगार मावशी मात्र पुढे आल्या आणि बाराच्या बारा आकडे घडाघडा सांगून मोकळ्या झाल्या. मावशींना अक्षरओळख बेताचीच, आकडे तेवढे वाचता येतात. आम्ही विचारले, "मावशी, एवढा आकडा पाठ कसा केलात?"

"पाठ कुठं केलाय दादा? झाडत जाती की!" त्या म्हणाल्या.

खुलासा केला तो असा. त्या रोज पहाटे जी गल्ली झाडतात, तिच्या बारा दारांत त्यांनी मनाने बारा वस्तू ठेवल्या होत्या. या दारात अमुक उभे, पुढच्या दारात तमुक बसलेले. झाडू पुढे सरकला की आकडा पुढे सरकतो. कोणत्या दारात काय, हे आम्ही सांगणार नाही. तो क्रमांक त्यांचा आहे.

आम्ही त्या दिवशी थक्क झालो. पुढे ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा कळले की मावशींनी आपल्या अकलेने जी युक्ती काढली, तिचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन वक्ता सिसरो याने इ. स. पूर्व ५५ मधल्या आपल्या ग्रंथात सिमोनिडीझ या ग्रीक कवीची कथा दिली आहे. हा कवी एका श्रीमंताकडे मेजवानीला गेला होता. कोणी बोलावले म्हणून तो बाहेर आला, आणि मागे छप्पर कोसळले. आतली माणसे अशी चेंगरली की नातेवाइकांना प्रेते ओळखता येईनात. कोण कोठे बसला होता हे सिमोनिडीझला आठवत होते, त्यावरून एकेकाची ओळख पटली. जागेला चिकटलेली आठवण पक्की राहते, हे त्यातून त्याला उमगले. ही दंतकथाच असावी. पण आमच्या कामात ती हसण्यावारी नेता येत नाही. छप्पर कोसळले आणि हजेरीपटावर कंत्राटी माणसाचे नावच नाही, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. असो.

त्याच काळातला वक्तृत्वावरचा एक लॅटिन ग्रंथ आहे. त्याच्या कर्त्याचे नाव उरलेले नाही. तो सांगतो की मनातले चित्र साधे नसावे. ते विचित्र असावे, हसू आणणारे असावे, रक्ताने किंवा चिखलाने माखलेले असावे; रोजचे दृश्य मन विसरते, अचाट ते धरून ठेवते. आम्हांला हे फार पटले. मोर्चात चालणारी हजार माणसे आठवत नाहीत, पण उलटा सदरा घालून आलेला एक गडी वीस वर्षे आठवतो.

आपल्याकडेही आकड्याला वस्तूचे रूप देण्याची जुनी रीत होती. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष रस, गुण, पूर्ण आणि मही या शब्दांनी सांगितले आहे. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एक. उजवीकडून वाचले की शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, म्हणून हा गणिती आम्हांला घरचाच वाटतो. परंतु रस सहा आणि गुण तीन हे शास्त्र शिकलेल्याला कळणार. आमच्या माणसांना वेगळे कोष्टक हवे होते. ते आम्ही कचेरीत बसून, पाचसहा जणांच्या हुज्जतीतून तयार केले.

शून्याला वाद झालाच नाही. शाळेत मिळतो तो भोपळा. एक म्हणजे एकतारी. दोन म्हणजे बैलजोडी, तीन म्हणजे तीन चाकांची रिक्षा, चार म्हणजे खाट, पाच म्हणजे पंजा. सहा म्हणजे षटकार मारणारी बॅट. ही पोरांनी सुचवली. सातावर बराच वेळ गेला. कोणी इंद्रधनुष्य म्हणाले, पण शेवटी सातबारा घेऊन बसलेला तलाठी सर्वांना पसंत पडला. आठ म्हणजे आठ पायांचा कोळी, जाळे विणणारा. आणि नऊ म्हणजे नऊवारी.

आता प्रयोग करू. ३०९४८२७१६५०९ हा आकडा घ्या. तो कोणाचाच नाही, उदाहरणाला रचलेला आहे. घरापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर चार जागा धरा: उंबरठा, नळ, चहाची टपरी, फाटक. उंबरठ्यात रिक्षा अडकली आहे, तिच्यात हा एवढा भोपळा बसला आहे आणि त्याने नऊवारी नेसली आहे. पुढे नळाखाली खाट टाकलेली. खाटेवर म्हशीएवढा कोळी, आणि तो बैलजोडीला अंघोळ घालतो आहे. टपरीवर तलाठी एकतारी वाजवीत बसला आहे. चहावाला कंटाळून बॅट घेऊन धावतो. फाटकावर भला मोठा पंजा आदळतो, भोपळा फुटतो, आणि त्यातून नऊवारी निघते ती निघतच राहते. डोळे मिटून एकदा चालून या. बारा आकडे तुमचे झाले.

याचे कारण फार गूढ नाही. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये दाखविले की माणसाचे मन एका वेळी सुमारे सात सुट्या गोष्टी धरू शकते. पुढच्या संशोधकांनी हा आकडा चारापर्यंत खाली आणला. बारा सुटे आकडे मुठीत मावत नाहीत. तीन आकड्यांचा एक प्रसंग केला की चारच गोष्टी उरतात.

चुका होतात, त्याही सांगितल्या पाहिजेत. एका तरुण कामगाराने दोन आकड्यांची अदलाबदल केली आणि अर्ज परत आला. विचारल्यावर कळले की त्याने वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या होत्या, कोणी कोणाला काय केले हे ठरविलेच नव्हते. पहिल्याने दुसऱ्याला काही केले पाहिजे, तर क्रम राहतो. दुसरी चूक मॉस्कोच्या शेरेशेव्हस्की नावाच्या वार्ताहराची. लुरिया या शास्त्रज्ञाने अनेक वर्षे त्याचा अभ्यास केला आणि १९६८ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले. हा गृहस्थ शब्दांची चित्रे गॉर्की रस्त्यावर मांडीत जाई. एकदा यादीतले अंडे राहून गेले. का, तर ते पांढऱ्या भिंतीपुढे ठेवले होते, परतताना दिसलेच नाही! म्हणून चित्र मोठे करा, उजेडात ठेवा. त्याच माणसाला विसरता येत नसे. नकोसे झालेले तो कागदावर लिही आणि कागद जाळून टाकी, तरीही आकडे जात नसत. तेव्हा दिसेल तो आकडा साठवू नये. बँकेकडून मोबाइलवर येणारा चार मिनिटांचा आकडा खुशाल विसरावा.

स्मरणशक्ती वाढविण्याचे वर्ग हल्ली निघाले आहेत, मोठ्या फिया घेतात. त्यांच्याविषयी आमचे मत एका प्रयोगावरून बनले. अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने वीसएक महिने सराव केला, आणि सात आकड्यांवरून तो सुमारे ऐंशी आकड्यांपर्यंत पोहोचला. तो धावपटू होता; आकड्यांना तो शर्यतीच्या वेळांची रूपे देई. १९८० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. मौज अशी, की त्यालाच आकड्यांऐवजी अक्षरे दिली तेव्हा तो सहावर आला! म्हणजे मनाची शक्ती वाढली नव्हती, हाताला एक हत्यार मिळाले होते. हत्यार ज्या कामाचे त्याच कामाला चालते. शक्ती विकतो म्हणणाऱ्याला हे विचारावे.

कचेरीतली वही आम्ही पुन्हा केली, आता तिच्या तीन प्रती तीन घरांत असतात. मनातले चित्र कागदाला पर्याय नाही. परंतु कागद कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली बहुधा दुसऱ्याकडे असते. कामगार कारकुनाच्या खिडकीपुढे उभा राहतो, आत "क्रमांक?" असा प्रश्न येतो, आणि तो कोणाकडे न पाहता आपला क्रमांक सांगतो, तेव्हा आतला माणूस मान वर करून बघतो. आम्ही हे बघितले आहे. मावशींना तर त्या खिडकीतून दुसऱ्यांदा जायची वेळच आली नाही.

आता वेळ झाली, असे कार्यवाह खुणावीत आहेत. जाता जाता एवढेच करा. फाटकापासून घराकडे उलटे चालत या. फाटकाशी नऊवारी, भोपळा, पंजा. टपरीवर बॅट, एकतारी, तलाठी. नळाशी बैलजोडी, कोळी, खाट. उंबरठ्यात नऊवारी, भोपळा, रिक्षा. ९०५ ६१७ २८४ ९०३. मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आमच्या आधी आला, तिला आमचा नमस्कार.