डिसेंबरातली बाटली: कुणासाठी आणि कोणती



डिसेंबर लागला की मला एकच प्रश्न निरनिराळ्या शहरांतून येतो. कुणी इंदूरहून विचारतं, कुणी बेंगळुरूहून. ‘नाताळात साहेबांच्या घरी जायचंय, १,५००-२,००० रुपयांत एक चांगली शॅम्पेन सांगा.’ आज या वाक्यापासूनच सुरुवात करू. या पैशांत शॅम्पेन मिळत नाही. जी मिळते ती शॅम्पेन नसते, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

शॅम्पेन हे फ्रान्समधल्या एका प्रदेशाचं नाव आहे. तिथल्याच द्राक्षांची, तिथेच, ठरलेल्या नियमांनी केलेली वाइन ते नाव लावू शकते. बाकी बुडबुड्यांची वाइन म्हणजे स्पार्कलिंग वाइन. स्पेनची असेल तर बहुधा कावा, इटलीच्या ईशान्य भागातली असेल तर प्रोसेको. आपल्या नाशिकची असेल तर नुसती स्पार्कलिंग. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलेलं आहे, त्यावर प्रत्येक राज्याची वेगळी अबकारी. दारू जीएसटीत येत नाही, म्हणून तीच बाटली पणजीत एका भावाला आणि मुंबईत दुसऱ्या. तेव्हा नावासाठी पैसे मोजायचे की बाटलीत जे आहे त्यासाठी, हे आधी ठरवा.

पण त्याच्याही आधी, ज्या घरी बाटली जाणार ते घर. आपल्याकडे हे विचारायला लोक संकोचतात आणि मग सगळ्यांचीच पंचाईत होते. यजमान घेतात, पण सासूबाई घरात आहेत. बाटली दारातच पिशवीसकट आतल्या खोलीत जाते. हे एक वेळ चालेल. पण त्या घरात कुणी प्रयत्नाने दारू सोडलेली असेल, तर तुमची रिबन बांधलेली बाटली त्या माणसाच्या समोर टेबलावर रात्रभर उभी राहणार आहे. सणाच्या दिवशी सगळे त्याला ‘आज एक घोट घे, ही तर वाइनच आहे’ म्हणणार. स्पार्कलिंग वाइनमध्येही साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं. बुडबुडे आले म्हणून ते सरबत होत नाही. त्यामुळे सरळ फोन करून विचारा, ‘वाइन आणली तर चालेल का?’ उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर मिठाई घेऊन जा. बडोद्याच्या किंवा पाटण्याच्या नातेवाइकांसाठी तर प्रश्नच नाही, गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. आणि कुरिअरने पाठवायचा विचार कुठल्याच राज्यासाठी करू नका. विमानाने दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर बाटली चेक-इन सामानात, कपड्यांत नीट गुंडाळून, आणि तिथल्या अबकारी खात्याची मर्यादा बघून.

आता दुकानात शिरू. लेबलवर सगळ्यात उपयोगी शब्द कुठला? कंपनीचं नाव नव्हे. साखर सांगणारा शब्द. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७ ग्रॅम. हो, बरोबर ऐकलंत. नाव ‘एक्स्ट्रा ड्राय’ आणि बाटली ब्रूटपेक्षा गोड. एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन भयंकर गोड असायची, रशियाला जाणारी तर विशेषच. त्या मानाने जी कमी गोड ती ‘एक्स्ट्रा ड्राय’ ठरली. पुढे इंग्लंडच्या गिऱ्हाइकांना त्याहून कोरडी हवी झाली, तेव्हा ब्रूट आली, आणि जुनं नाव तसंच राहिलं. त्यापुढे ‘ड्राय’ किंवा ‘सेक’ १७ ते ३२ ग्रॅम, आणि ‘डेमी-सेक’ ३२ ते ५०. अंदाज यावा म्हणून सांगते, कोलाच्या लिटरमध्ये शंभर ग्रॅमच्या वर साखर असते. ज्याची जीभ कोलावर वाढली आहे त्याला पहिल्याच घोटात ब्रूट आंबट लागणार. तो तोंड वाकडं करतो, आणि आपण म्हणतो याला वाइनमधलं कळत नाही. त्याला बरंच कळतं. आपण बाटली चुकीची दिली.

म्हणून पहिल्यांदा चाखणाऱ्यांची बैठक असेल तर एक्स्ट्रा ड्राय प्रोसेको घ्या. किंवा इटलीची आस्ती, मस्कत द्राक्षाची, गोड, आणि अल्कोहोलही बरंच कमी. जाणकार मंडळी आस्तीला नाक मुरडतात, मुरडू द्यात. नाताळच्या केकबरोबर मला तीच बरी वाटते. गोव्याची बेबिंका, नेवऱ्या, वसईकडचे नाताळचे गोड पदार्थ, यांच्यासोबत ब्रूट दिलीत तर पदार्थाची साखर वाइनला पार आंबट करून टाकते. गोडाबरोबरची वाइन गोडाइतकीच किंवा जास्त गोड हवी.

ब्रूटची जागा तळणीशेजारी. बटाटेवडा, कांदाभजी, समोसा, चकली, शेव, तळलेली कोळंबी. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे तेल कापतात, मीठ तिची धार कमी करतं. फार तिखट रस्सा मात्र नको. बुडबुड्यांनी तिखट आणखी झोंबतं.

दुसरी गोष्ट पद्धतीची. पारंपरिक पद्धतीत तयार वाइन बाटलीत भरून तीत थोडी साखर आणि यीस्ट घालतात. ती बंद बाटलीतच पुन्हा आंबते, वायू आत कोंडला जातो, आणि महिनोन् महिने ती त्या यीस्टच्या गाळावर पडून राहते. शॅम्पेनला निदान १५ महिने ठेवावी लागते, कावाला ९. त्यातून तो भाजलेल्या पावासारखा वास येतो. प्रोसेकोत हेच काम बहुतेक मोठ्या बंद टाकीत होतं. ती स्वस्त पडते आणि फळांच्या वासाची, ताजी राहते.

आता आपल्याकडची बाटली. १९८० च्या दशकात श्याम चौगुले यांच्या इंडेजने नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने पारंपरिक पद्धतीची स्पार्कलिंग काढली. भारतात ती ‘मार्कीज द पोंपादूर’ आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ नावाने विकली जायची. आज नाशिक परिसरात सुला, ग्रोवर झाम्पा, शांदों या सगळ्यांच्या ब्रूट आहेत, आणि शांदोंमागे तर मोएत ए शांदों शॅम्पेन करणारा फ्रेंच समूहच आहे. १,५००-२,००० च्या आतबाहेर द्यायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सगळा पैसा करात गेलेल्या स्वस्त आयात बाटलीपेक्षा पारंपरिक पद्धतीची नाशिकची ब्रूट घ्या. लेबलवर पद्धत लिहिलेली असते, ती वाचा. बॉटलिंगचा महिना-वर्षही बघा. जितकी अलीकडची तितकी बरी. आणि दुकानाच्या काचेत, दिव्याखाली उभी असलेली बाटली नको, आतून काढून द्या म्हणा. ऊन आणि प्रकाश तिचे वैरी.

भेट देताना हेही सांगा की ही शोकेसमध्ये ठेवू नका. आपल्याकडे शोकेसमध्ये, गणपतीच्या मूर्तीपासून चार बोटांवर, पाच-पाच वर्षं उभ्या असलेल्या बाटल्या मी पाहिल्या आहेत. या वाइन दुकानात येतात तेव्हाच प्यायला तयार असतात. दोन-चार महिन्यांत उघडा.

बैठकीचा हिशोब सोपा. ७५० मिलीच्या बाटलीत सहा ग्लास होतात. फक्त टोस्टसाठी दहा माणसांना दोन बाटल्या पुष्कळ. जेवणभर चालवायची असेल तर दोघांत एक धरा, आणि गाडी चालवून परत जाणाऱ्याला त्या हिशोबात धरू नका. न घेणाऱ्यांसाठी कोकम आगळ आणि सोडा, त्याच उंच ग्लासात. टोस्टच्या वेळी कुणाच्या हातात काय आहे याची चौकशी होत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

बाटली फ्रिजमध्ये तीन तास, किंवा बर्फ आणि पाणी दोन्ही घातलेल्या बादलीत अर्धा तास. नुसत्या बर्फात वेळ लागतो. फ्रीझरमध्ये विसरलात तर फुटते. उघडताना गंमत नको: आतला दाब गाडीच्या टायरच्या दुपटी-तिपटीने असतो, आणि ते बूच डोळ्याला लागून लोक जखमी होतात. तार सोडवल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी, तोंड भिंतीकडे. बूच घट्ट धरा आणि बाटली फिरवा, बूच नव्हे. नीट उघडली तर हलकासा सुस्कारा ऐकू येतो, फटाका नाही.

उरली तर बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून ठेवा, असं कुणीतरी हमखास सांगेल. चमच्याने काही होत नाही. स्पार्कलिंगसाठीचं पकडीचं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या चकल्यांबरोबर संपवा.